धोंड्याच्या महिन्यातली पोथी

राजेश्रीनं ते पुस्तक कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवलं होतं, तेही उलटं करून. मागच्या बाजूला नुसता मजकूर होता. पुढच्या बाजूला वज्रेश नावाचा देव होता, उघड्या छातीचा, डोक्यावर विजेचा मुकुट, आणि त्याच्या हातावर रेललेली मृण्मयी. मृण्मयी माणसाची पोर. पहिल्या भागात या देवानं तिला नदीकाठून उचलून ढगांपलीकडच्या महालात नेलं होतं. तिथं ती आधी चिडली, मग त्याच्या प्रेमात पडली, आणि अगदी शेवटच्या पानावर महालाचे दरवाजे एकामागून एक बंद झाले. परभणीच्या होस्टेलवर राजेश्री आणि तिची मैत्रीण दीपिका यांनी तो भाग एकाच पलंगावर डोक्याला डोकं लावून वाचला होता. काही पानं तर दोन-दोनदा.

दुसरा भाग निघेपर्यंत राजेश्रीचं लग्न झालं.

तिचं माहेर पूर्णेचं. वडील, गोपाळराव, रेल्वेत ट्रॅकमन. क्वार्टरच्या मागून दिवसभर गाड्या जायच्या. सासर देवगाव फाट्यापासून आत सात किलोमीटरवर, आणि नवरा परमेश्वर पुण्याजवळच्या एका कंपनीत. "खोली बघतो, मग नेतो," असं तो लग्नानंतर आठव्या दिवशी म्हणाला आणि गेला. त्याला आता चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत सगळे मिळून चाळीसेक दिवस नवरा तिच्या वाट्याला आला होता. बाकी वेळ ती, सासू कमलबाई आणि सासरे व्यंकटराव.

कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सांगायला गेलं तर तक्रार म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण नळावर गेली तरी सासू विचारायची, "इतका येळ कामून लागला?" फाट्यावर जायचं तर कारण लागायचं, आणि कारण पटलं तरी सोबत लागायची. फोन होता, पण तो ओसरीत व्यंकटरावांच्या बाजेजवळ चार्जिंगला असायचा. बोलणं झालं की परत तिथंच ठेवायचा, आणि बोलायचं तेही तिथंच बसून. आंघोळीला जरा जास्त वेळ लागला की बाहेरून खाकरण्याचा आवाज यायचा.

माघात एका लग्नासाठी दोन दिवस पूर्णेला जाऊन येताना परभणीच्या स्टँडवर दीपिका भेटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक तिनं पिशवीत सरकवलं. "दुसरा भाग. पहिल्यापेक्षा लय भारी हाय. जपून वाच."

जपूनच वाचायचं होतं. राजेश्री हरभऱ्याच्या पोत्यांआड, धान्याच्या खोलीत, निवडायला काढलेलं सूप मांडीवर घेऊन वाचायची. एका वेळी दोन पानं, फार तर तीन. वज्रेश मृण्मयीच्या मानेवरचे केस बाजूला करायचा, आणि इकडं राजेश्रीच्या मानेला घाम सुटायचा. त्या ओळी वाचताना तिला लाज वाटायची नाही. वाटायचं ते वेगळंच. आपल्याला एक अंग आहे आणि त्याची कुणाला गरज नाही, हे तिला त्या पोत्यांआड जितकं कळलं तितकं रात्री एकटीच्या अंथरुणावरही कळलं नव्हतं. तीन महिन्यांत तिची जेमतेम सत्तर पानं झाली. बाहेर पावलं वाजली की पुस्तक सुपाखाली जायचं.

मग धोंड्याचा महिना लागला. यंदा अधिक जेठ, म्हणजे उन्हाचा कहर. दुपारी बारा ते पाच गावात कुत्रंही हिंडत नव्हतं. दर अधिकात गल्लीतल्या बाया कमलबाईच्या घरी जमायच्या आणि मास्तरांच्या सुमनबाई पोथी वाचायच्या. यंदा सुमनबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या होत्या, आणि जाताना पोथी घेऊन गेल्या होत्या.

कमलबाई वाणाला द्यायचं पातळ शोधायला कपाटात शिरल्या आणि पुस्तक घेऊन बाहेर आल्या.

"राजेश्री, ही पोथी कवा आणलीस गं? अन् लुगड्याखाली कामून ठिवलीस?"

राजेश्रीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. कमलबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्या कव्हरावरच्या मुकुटाकडं बघत होत्या.

"कोणता देव हाय ह्यो?"

"इंद्राच्या... इंद्राच्या दरबारातला हाय, आत्याबाई."

"अन् ही त्याची बायको?"

"व्हय."

"मंग चांगलंच झालं की. जोड्यानं हायती." कमलबाईंनी पुस्तक कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ओसरीच्या आतल्या खोलीत पाट मांडला गेला. पाटावर वस्त्र, वस्त्रावर पुस्तक, आणि वज्रेशाच्या उघड्या छातीवर हळद-कुंकू. सहा-सात बाया आल्या. शेजारच्या कस्तुराबाई आल्या, आणि गावकुसाबाहेर मेंढरं असलेल्या भिवराबाईही आल्या. दाराच्या पलीकडं ओसरीत व्यंकटराव बाजेवर आडवे होते, आणि कुलरची हवा त्यांच्यापर्यंत जावी म्हणून दार सताड उघडं होतं.

"मोठ्यानं वाच," कमलबाई म्हणाल्या. "मामाच्या बी कानावर चार शब्द पडू दे."

राजेश्रीच्या एका बाजूला भिंत, एका बाजूला सासू, समोर बायांचे गुडघे आणि दारात सासरे. उठून जायला जागा नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मागची कथाच थोडक्यात होती, महालाचं वर्णन होतं, सोन्याच्या पायऱ्या, सुगंधी वारा. बाया माना डोलवत होत्या. मृण्मयी हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा कस्तुराबाईंनी तिची 'मैना' करून टाकली आणि तेच चाललं.

तिसऱ्या दिवशी पाचवं प्रकरण आलं. राजेश्रीनं पान उलटलं आणि तिचं बोट ओळीवरच थांबलं. पानभर वज्रेशाचे हात होते आणि मृण्मयीची कमर. 

"मग देवानं मैनेचा हात धरला," ती म्हणाली, "आणि तिला... तिला महालातलं देवघर दाखवलं. दोघं जोडीनं आरतीला उभी राहिली."

"देवाच्या घरी आनिक देवघर?" भिवराबाईंनी विचारलं.

"त्याच्याहून मोठ्या देवाचं."

"आसंल बया. मोठ्याच्या वर मोठा असतोच."

राजेश्रीनं भराभर पानं उलटली. कमलबाईंची नजर तिच्या हातावर होती. "पाच पानं एकदम उलटलीस गं."

"चिकटली व्हती, आत्याबाई. कुंकवाचं पाणी गेलं वाटतं."

त्या दिवसापासून ती पुस्तकात बघायची आणि मनानंच सांगायची. बोट ओळीवरून सरकवत राहायचं, मधूनच अडखळायचं, म्हणजे वाचल्यासारखं वाटायचं. कागदावर एक चाललेलं असायचं, तोंडावाटे दुसरंच जायचं.  एकदा तर डोळे ओळीवरच अडकले, तोंड आपोआप उघडलं, आणि "त्याचे ओठ तिच्या" इथपर्यंत शब्द बाहेर पडले. सगळ्या बायांनी वर पाहिलं. ओसरीतली बाज करकरली.

"त्याचे ओठ तिच्या... नावाचा जप करत होते," राजेश्री म्हणाली.

"चांगला नवरा हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमच्यानं जिंदगीत नाव घेऊन हाक मारली न्हाई. 'अगं ए' म्हणूनच गेला."

बाया हसल्या. राजेश्रीही हसली. रोज दुपारी एकला तिला वाटायचं, आज सापडणार. आणि आजारी पडायचं म्हटलं तर कमलबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या असत्या. तेही नको होतं.

नवव्या दिवशी सकाळी पूर्णेहून वडिलांचा फोन आला. पहिलाच धोंडा, लेक-जावयाला बोलवायचं होतं. आईनं अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. राजेश्रीनं ओसरीत बसूनच परमेश्वरला फोन लावला.

"न्हाई जमणार," तो म्हणाला. "सुट्टी न्हाई."

"एकच दिवस. आईनं सगळी तयारी केली."

"एकदा सांगितलं की. डबल शिफ्ट चालू हाय."

"अन् खोलीचं?"

"बघायलोय." फोन बंद झाला.

व्यंकटरावांनी सगळं ऐकलं होतंच. "जावई न्हाई तर धोंडा कसला?" ते म्हणाले. "पुढल्या धोंड्याला जा."

पुढला धोंडा तीन वर्षांनी. राजेश्री आत गेली आणि भाकरी थापू लागली. भाकरी तव्यावर टाकताना बोटं भाजली तरी तिला कळलं नाही.

त्या दुपारी तिनं पुस्तक उघडलं, पण त्यात बघितलंच नाही. वज्रेश असुरांशी लढायला गेला, असं तिनं सांगितलं. जाताना म्हणाला, तुझ्यासाठी दुसरा महाल बघतो, मग नेतो. मैना वाट बघत राहिली. महालात काही कमी नव्हतं. दासी होत्या, पंचपक्वान्नं होती. पण ती कोणत्याही दालनात गेली की कुणीतरी विचारायचं, कुठं निघालीस? का निघालीस? आंघोळीच्या कुंडाबाहेर पहारेकरी खाकरायचे. तिनं वाऱ्याबरोबर निरोप पाठवला तर उत्तर यायचं, बघायलोय. तिच्या गावी तिची आई गोडधोड करून बसली होती, आणि महालातल्या थोरल्या देवानं सांगितलं, नवरा येईल तेव्हाच जा.

"कितीक दिवस झाले म्हणायचे?" भिवराबाईंनी विचारलं.

"चौदा महिने."

"म्हंजी कोंडलंच की पोरीला," भिवराबाई म्हणाल्या. "आमी कोकरूबी इतके दिवस वाघुरीच्या जाळीत कोंडून ठेवत न्हाई. पाय गळून जातात त्याचे."

कुणी हसलं नाही. कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला.  कमलबाई मात्र राजेश्रीच्या बोटाकडं बघत होत्या. बोट पानाच्या मधोमध, एकाच जागी थांबलं होतं.

बाराव्या दिवशी बाया गेल्यावर कमलबाई कस्तुराबाईकडं दळण द्यायला गेल्या. लाइट गेली होती, कुलर बंद, ओसरीत बसवत नव्हतं. व्यंकटराव घाम पुसत आतल्या खोलीत आले, भिंतीला टेकून बसले, आणि वेळ जाईना म्हणून त्यांनी पाटावरचं पुस्तक उचललं. खिशातून चष्मा काढला.

राजेश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन उभी होती. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. व्यंकटरावांनी मधलंच एक पान उघडलं होतं. ओठ हलवत वाचण्याची त्यांची सवय होती. थोड्या वेळानं ओठ हलायचे थांबले. त्यांनी पान उलटलं. मग अजून एक उलटलं. चहावर साय धरली. खोलीत फक्त पानांचा आवाज होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली तेव्हा ती त्यांना दिसली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.  पुस्तक बंडीत खुपसून ते भर उन्हात बाहेर निघून गेले.

संध्याकाळी गोठ्याशी त्यांनी कमलबाईंना गाठलं. राजेश्री धुण्याच्या दगडाशी होती, सगळं ऐकू येत होतं.

"ती पोथी न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"मंग काय हाय?"

"देवाचं पुस्तक न्हाई ते."

"देव तर हाय त्याच्यात. बारा दिवस ऐकायलोत आमी."

"देव हाय, पर..." व्यंकटराव अडले. "चावट हाय. तुझ्या सुनेला इज्जतीची फिकीर न्हाई."

"काय चावट हाय? सांगा की."

ते त्यांना सांगता येईना. जे वाचलं ते बायकोपुढं बोलायला त्यांच्या तोंडात शब्द नव्हते. शेळीचं दावं उगीच सोडून त्यांनी पुन्हा बांधलं.

"किती पानं वाचली तुमी?" कमलबाईंनी विचारलं.

व्यंकटराव चपला घालून पारावर निघून गेले.

कमलबाई दगडापाशी आल्या. राजेश्रीच्या हातातली साडी तशीच पाण्यात होती. आता घराबाहेर काढतील, वडिलांना बोलावून पंचायत करतील, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं.

"खरं सांग," कमलबाई म्हणाल्या. "मामा म्हणतेत ते खरं हाय?"

"व्हय."

"अन् तू आमाला वाचून दाखवलंस ते?"

"ते त्यात न्हाई, आत्याबाई. सुरुवातीचं जरासं हाय. बाकी मी मनानंच सांगितलं."

"ते आईनं गोडधोड करून ठिवल्यालं?"

राजेश्री साडी पाण्यात खळबळत राहिली.

"ते खाकरणारे पहारेकरी?"

राजेश्रीनं साडी पिळायला घेतली आणि पिळता पिळताच तिला रडू फुटलं. चौदा महिन्यांत ती या घरात कुणासमोर रडली नव्हती. कमलबाई दगडाच्या कडेला टेकल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. त्या हौदाकडं बघत राहिल्या.

"मला वाटलं व्हतं, तू आडाला-बिडाला जाशील," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याबरुबर लगीन झालेली एक तशीच आडात जीव देऊन गेली, ह्याच गल्लीतली. म्हणून इतका येळ लागला की मी हाक मारती. म्हणून खाकरती. मला दुसरं काय करावं ते कळत न्हाई."

राजेश्रीनं वर पाहिलं. हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"मी न्हाई जाणार आडाला."

"आता कळलं मला. पर तुला कोंडल्यावाणी व्हतंय हे बी कळलं." कमलबाई उठल्या. "सकाळी आवरून ठिव. पूर्णेला जा."

"मामा?"

"मामाला मी बघती. ज्यानं इतकी पानं वाचली त्यानं मला काय सांगायचं?"

सकाळी सहाच्या जीपनं दोघी देवगाव फाट्यावर आल्या. व्यंकटराव अंथरुणातून उठलेच नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. फाट्यावर कमलबाईंनी स्वतः सेलूच्या गाडीत तिला खिडकीशी बसवलं आणि वाणाची पिशवी मांडीवर दिली. सेलूहून पुढं रेल्वे होती.

"बाया आज दुपारी येत्याल," राजेश्री म्हणाली. "त्यांना काय सांगणार?"

"सांगीन पुढलं काहीतरी."

"तुमाला यंल?"

"बारा दिवस ऐकलं न्हाई का मी?" कमलबाई म्हणाल्या. मग गाडी सुरू होता होता खिडकीला धरून त्यांनी विचारलं, "परत येशील न्हवं?"

राजेश्रीनं मांडीवरची पिशवी सावरली, आणि गाडी हलली.

पूर्णेला आईनं अनारसे तळले. जावई नव्हता, म्हणून ताट लेकीपुढंच ठेवलं. वडील ड्युटीवरून आले आणि काही न विचारता तिच्याजवळ बसले. आठ दिवस झाले, पंधरा झाले. परमेश्वरचे फोन यायला लागले. आता फोन तिच्या उशाशी होता, आणि बोलायला ती क्वार्टरच्या मागं, रुळांच्या बाजूला जायची.

"बाबा लय चिडलेत. गावाकडं जा."

"तुमच्याकडं यायला मी आजही तयार हाय," ती म्हणाली. "गावाकडं न्हाई. पत्ता सांगा."

"खोली मिळायली न्हाई, सांगितलं की."

"कुठंकुठं बघितली?"

 मागून मालगाडी गेली, तिचे सगळे डबे त्यानं जाऊ दिले. मग म्हणाला, "बघितलीच न्हाई. आमी चार पोरं एका खोलीत राहतो. मोरी बी बाहेर हाय. तू कालेजात शिकल्याली. तुला कसं दाखवायचं म्हणून..."

"चौदा महिन्यांत कवातरी मला ते सांगायचं व्हतं."

"लाज वाटली."

राजेश्रीला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले, आणि कोणतं आधी बोलावं ते तिला कळेना. "खोली बघा," एवढंच ती म्हणाली. "लहान असली तरी चालंल. तोवर मी इथं हाय."

आषाढ सरता सरता तो पूर्णेला आला. वाळला होता. दोघं रात्रीच्या गाडीनं निघाली, जागा मिळाली नाही म्हणून दाराशी बॅगेवर बसली. गाडीच्या हेलकाव्यात त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. त्यानं तो काढला नाही, तिनंही नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती, पत्र्याची. खिडकी होती, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर. मोरी आत होती, हे त्यानं दोनदा दाखवलं. भांडी मांडून झाली तेव्हा तिला पुन्हा कोंडल्यासारखं झालं. इथंही चार भिंती, आणि बारा तास तो शिफ्टला.

तिसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं पिशवी घेतली आणि भाजी आणायला खाली उतरली. कुणाला विचारलं नाही. दोन वळणं घेतली, मग तिसरं घेतलं, एका कंपनीच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं चालत गेली आणि परतीचा रस्ता चुकली. सगळ्या इमारती एकसारख्या होत्या. ऊन होतं, पाय दुखत होते. पिशवीत फोन वाजला, परमेश्वरचा होता. तिनं तो वाजू दिला. एका टपरीवर चहा घेतला, बाकड्यावर बसून सावकाश प्याली, आणि टपरीवाल्या बाईला रस्ता विचारून दोन तासांनी घरी आली.

संध्याकाळी तो घाबऱ्याघुबऱ्या आला. "कुठं व्हतीस? फोन कामून उचलला न्हाई?"

"रस्ता चुकले व्हते."

"मंग फोन तरी करायचा. मी सांगितला असता रस्ता."

"करू वाटला न्हाई," राजेश्री म्हणाली, आणि पिशवीतली मेथी निवडायला बसली.